राउटरचे सांधे: आधी काय कापायचं?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) वापरून लाकडी सांधे कसे करावेत यावर लेख वाचला. वर्तमानपत्रात सुतारकामाला अर्धं पान मिळालं याचा आनंद झाला, आणि लेखकांनी हौसेने लिहिलंय हेही दिसतं. पण लेखाचा मुख्य मुद्दा मला पटला नाही आणि शेजारच्या चौकटीत एक धोक्याची चूक आहे. म्हणून हे पत्र.

लेखक म्हणतात की बिट, म्हणजे राउटरचं फिरणारं पातं, जेवढ्या मापाचं, खाच तेवढ्याच मापाची होते, त्यामुळे राउटरने केलेला सांधा आपोआप घट्ट बसतो. आणि कुठे बारीक फट राहिलीच तर भुसा आणि गोंद कालवून भरून टाकावी. राउटर विकत घेताना दुकानदार हेच सांगतो. घरी आणून पहिला सांधा केला की तो एक तर जातच नाही, नाही तर खुळखुळतो. मग माणूस म्हणतो, आपला हात चांगला नाही. हात चांगलाच असतो. कापायचा क्रम चुकलेला असतो.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होतो. आधी लाकडाचा नमुना करायचा, त्यावरून वाळूत साचा, साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. थंड होताना बीड मीटरमागे साधारण 10 मिलीमीटर आकसतं, म्हणून आमच्या पट्ट्याच तेवढ्या वाढवून आखलेल्या असत. बीडाची पट्टी वेगळी, अॅल्युमिनियमची वेगळी. मीटरभर लांबीवर त्या साध्या पट्टीशी जुळत नसत आणि नवीन पोरगा हमखास गोंधळायचा. अशा पट्ट्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला आकड्यापेक्षा समोरच्या वस्तूवर जास्त भरवसा वाटतो. राउटरच्या सांध्यातही मी तेच करतो: ज्या भागाचं माप आपल्याला बदलता येत नाही तो आधी तयार करायचा, आणि ज्याचं माप केसभर कमीजास्त करता येतं तो त्याच्यावर बसवत आणायचा. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. खाली त्याचा तपशील.

प्लायपासून सुरुवात करतो, कारण लेखातलं उदाहरण तेच आहे. कपाटाच्या बाजूच्या फळीत कप्प्यासाठी आडवी खाच मारायची. लेखक सांगतात, 18 मिलीमीटरचा प्लाय आहे तर 18 चं बिट लावा. आता 18 म्हणून आलेला प्लाय व्हर्नियरमध्ये, म्हणजे जाडी मोजायच्या मापकात, धरून बघा. बहुतेक वेळा तो 18 भरत नाही. 17.4, 17.6 असं काहीतरी निघतं आणि एकाच फळीच्या दोन टोकांनाही थोडा फरक असतो. शिवाय 18 चं बिट कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्यात, जरा डगमगलं की खाच 18 च्याही वर जाते. म्हणजे अर्धा मिलीमीटर फट पहिल्या मिनिटालाच नक्की झाली.

इथे प्लायची जाडी आपल्या हातात नाही, खाचेची रुंदी आहे. तेव्हा बिट खाचेपेक्षा बारीक घ्यायचं. माझ्याकडे 12 चं आहे, वर बिटाएवढ्याच व्यासाचं बेअरिंग (पट्टीला घासत जाणारी मोकळी फिरणारी कडी) असलेलं. दोन सरळ पट्ट्या घ्यायच्या, एक आडव्या दांड्याला काटकोनात पक्की आणि दुसरी सरकती. दोघींच्या मध्ये तोच प्लायचा तुकडा उभा ठेवायचा जो खाचेत बसणार आहे. त्याला दोन्ही पट्ट्या भिडवायच्या, सरकती आवळायची, तुकडा काढून घ्यायचा. आता राउटर फिरवायचा तो बेअरिंग एका पट्टीला घासत जाताना आणि दुसरीला घासत येताना. खाच बरोबर त्या तुकड्याएवढी होते. कुठेही मिलीमीटर मोजले नाहीत, कुठे काही लिहून ठेवलं नाही. फार घट्ट वाटलं तर पट्टी आवळताना तुकड्यासोबत कागदाची एक चिठ्ठी धरायची. साधा छपाईचा कागद साधारण 0.1 मिलीमीटरचा असतो आणि गोंदाला तेवढी जागा पुरते.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. पॉलिश पेपर मारायचा असेल तर तो आधी मारा आणि मग तुकडा पट्ट्यांमध्ये धरा. खाच झाल्यावर घासलेला प्लाय खाचेला सैल होतो आणि मग दोष राउटरला जातो. दुसरं बिटाचं. धार लावून आणलेलं बिट नव्यापेक्षा बारीक झालेलं असतं, बेअरिंग मात्र तेच राहतं. मग खाच तुकड्यापेक्षा अरुंद येते आणि प्लाय आत जातच नाही. बेअरिंगला चिकट राळ बसली तरी तेच होतं. प्रत्येक वेळी आधी रद्दी तुकड्यावर खाच मारून बघायची ती याचसाठी.

आता मॉर्टिस आणि टेनन, म्हणजे भोक आणि त्यात जाणारं कुसू. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण लेखातला सल्ला इथेच सगळ्यात जास्त नडतो.

मॉर्टिसची रुंदी बिट ठरवतं. 10 चं बिट लावलं की भोक 10 चं, किंवा बिट डगमगत असेल तर 10 च्या जरा वर. जे काही होईल ते झालं. त्यात नंतर आपण नेमकी दुरुस्ती करू शकत नाही. कुसू मात्र दोन्ही बाजूंनी कागदाएवढं तासता येतं. म्हणून मॉर्टिस आधी. सगळ्या पायांची, सगळ्या चौकटीची मॉर्टिस एकाच बैठकीत संपवायची आणि त्यानंतरच पहिलं कुसू कापायला घ्यायचं. उलट केलं, म्हणजे कुसू आधी सुबक कापून ठेवलं, तर मग त्याच्या मापाचं बिट शोधत बसावं लागतं आणि तसं बिट बाजारात नसतं.

लेखक म्हणतात की मॉर्टिस फळीच्या बरोबर मध्ये यावं म्हणून राउटरची फेन्स (फळीला टेकून राउटर सरळ नेणारी पट्टी) आधी एका तोंडाला लावून कापा आणि मग दुसऱ्या तोंडाला लावून परत कापा. असं केलं की मॉर्टिस मध्यावर येतं खरं, पण रुंदी बिटाएवढी राहत नाही. फेन्स मध्यापासून जेवढी चुकली असेल त्याच्या दुप्पट रुंदी वाढते. समजा फेन्स 0.2 ने चुकलीय, तर 10 चं भोक 10.4 चं होणार. त्यात चारही पायांची जाडी तंतोतंत सारखी नसेल, आणि हाताने रंधलेल्या पायांची ती नसतेच, तर प्रत्येक पायातलं भोक वेगळ्या रुंदीचं. मग चार पायांना चार वेगळी कुसवं. त्यापेक्षा मॉर्टिस केसभर बाजूला असेना का! सांध्याला मध्यावर असण्याची काही गरज नाही. प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी तोंडावर पेन्सिलने खूण करा आणि फेन्स कायम त्या खुणेच्या बाजूनेच लावा. कुसू कापतानाही खुणेचं तोंड एकच धरा. दोन्ही तोंडं एका पातळीत येतात. जाडीत जो फरक असेल तो मागच्या बाजूला जातो आणि तिथे रंध्याचे दोन हात मारले की संपला.

मॉर्टिस कापायची माझी पद्धत अशी. वरून खाली दाबता येणारा राउटर, त्यात वर ढलप्या फेकणारं पिळाचं बिट. फळी अरुंद असते, राउटर त्यावर डोलतो, म्हणून शेजारी तेवढ्याच उंचीचा दुसरा ठोकळा क्लॅम्पने आवळायचा म्हणजे बुडाला बसायला जागा मिळते. आधी दोन्ही टोकांना सरळ खाली भोकं, पूर्ण खोलीची, थोडं थोडं उतरत. मग मधला भाग, एका फेरीत 3 ते 4 मिलीमीटर. पूर्ण खोली एका दमात काढायला गेलं तर बिट वाकतं, ओरडतं, लाकूड जाळतं आणि भोकाच्या भिंती सरळ येत नाहीत. मधूनमधून भुसा ओढून काढायचा. तळाशी दाबून बसलेला भुसा खोली चोरतो.

भोकाची टोकं गोल येतात. पटाशीने चौकोनी करा किंवा कुसवाच्या कडा गोल करा, दोन्ही चालतं. मी अलीकडे तिसरंच करतो: दोन्ही तुकड्यांत मॉर्टिस मारतो आणि मध्ये सुटं कुसू घालतो. त्यासाठी एक लांब पट्टी रंधून बरोबर भोकाच्या रुंदीची करायची, 10 ची जाडी असेल तर कडांना 5 त्रिज्येचं गोलाईचं बिट फिरवायचं आणि लागतील तेवढे तुकडे पाडायचे. घट्टपणा जमवायचा तो एकाच पट्टीवर, एकदाच. तुकड्याची लांबी दोन्ही भोकांच्या एकूण खोलीपेक्षा 2 मिलीमीटरने कमी, म्हणजे गोंदाला जागा राहते. तोंडावर लांबीभर एक उथळ चर पाडा. तो नसेल तर हवा आणि गोंद पिस्टनसारखे अडकतात आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी सांधा पुरता मिटत नाही.

किती घट्ट हवं? हाताच्या दाबाने आत जायला हवं आणि उलटं धरलं तर गळून पडू नये. हातोडीने ठोकावं लागलं तर ते फार झालं. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, ते लागलं की लाकूड फुगतं आणि कोरडं असताना ठोकून जाणारं कुसू ओलं झाल्यावर निम्म्यात अडकतं. तिथून ते पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बाहेरून जी फट दिसते ती बहुधा कुसवाची नसतेच, खांद्याची असते. कुसवाच्या बुडाशी जी पायरी असते ती चारही बाजूंना एका पातळीत नसेल, तर आतला सांधा कितीही घट्ट असो, बाहेर रेघ दिसणारच. म्हणून खांदे कापताना एकच थांबा लावायचा, सगळे तुकडे त्याला टेकवून कापायचे, आणि दर तुकड्यामागे थांब्याजवळचा भुसा फुंकायचा. भुशाचा एक कण मध्ये आला तरी तो खांदा त्याच्या जाडीएवढा सरकतो. शक्य झालं तर थांब्याच्या ठोकळ्याच्या खालच्या कडेला लहानशी उतार काढून ठेवा. भुसा त्या उतारात जातो आणि टेकणारी जागा मोकळी राहते.

फट भुसा आणि गोंद कालवून भरण्याबद्दल. पांढरा गोंद पातळ थरात लाकडापेक्षा मजबूत धरतो, जाड थरात नाही. पाणी उडून गेलं की तो आकसतो. भरलेली फट काही दिवसांनी पुन्हा उघडते, आणि वरून पॉलिश लावलं तर गोंदाने भरलेली जागा रंग पीत नाही, फिकी रेघ उठून दिसते. फट भरून मजबुती हवीच असेल तर इपॉक्सी, तोही नाइलाज म्हणून. दिसायला बरं हवं असेल तर त्याच लाकडाची पातळ चीप कापून बसवा. लगदा नको.

घसरत जाणाऱ्या डव्हटेलचा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा पसरत जाणारा सांधा लेखात नाही, पण नियम त्यालाही लागू पडतो, म्हणून थोडक्यात. आधी खोबण. डव्हटेलचं बिट तळाशी रुंद असतं, त्यामुळे ते थोडं थोडं खाली उतरवत कापता येत नाही, पूर्ण खोली एकाच फेरीत घ्यावी लागते. म्हणून आधी सरळ बिटाने मधलं लाकूड काढून टाका आणि मग डव्हटेलचं बिट फिरवा. चालू बिट मधेच वर उचलू नका, खोबणीची कड फाडून बाहेर येईल. खोबण झाली की तिचं माप कायमचं ठरलं. आता राउटर खालून उलटा लावलेल्या टेबलावर फळी उभी धरून खोबणीत जाणारी शेपटी कापायची, तेच बिट, तीच उंची, दोन्ही तोंडांकडून एकेक फेरी. सुरुवात मुद्दाम जाड ठेवून करायची आणि फेन्स सरकवत बारीक करत आणायची. दोन्ही बाजूंनी कापत असल्याने फेन्स 0.1 ने हलवली की शेपटी 0.2 ने बारीक होते, हे ध्यानात ठेवा. यासाठी एक युक्ती आहे. फेन्सचं एक टोक आवळून ठेवायचं आणि दुसरं टोकच हलवायचं. बिट बरोबर मध्ये असेल तर टोक जेवढं हलतं त्याच्या निम्मं अंतर बिटापाशी बदलतं. टोकाशी कागदाची एक चिठ्ठी घालून काढली तर बिटापाशी अर्ध्या कागदाचा फरक पडतो. फेन्स टेबलाच्या कडेला समांतर राहत नाही म्हणून काही जण बिचकतात. बिट गोल फिरणारं आहे, त्याला समांतर म्हणजे काय ते माहीत नाही. फेन्सपासून बिटापर्यंतचं अंतर तेवढं खरं.

ड्रॉवरला जे अर्धझाकलेलं डव्हटेल करतात, त्याच्या जिगमध्ये (लाकूड धरून कापणं नेमकं करणाऱ्या साच्यात) दोन्ही फळ्या एकत्र आवळून एकदमच कापल्या जातात. तिथे आधी-नंतर असं काही नाही आणि घट्टपणाची एकच किल्ली आहे, बिटाची खोली. सैल झालं तर बिट थोडं खाली, घट्ट झालं तर थोडं वर. पाव मिलीमीटरनेही चांगला फरक पडतो. बाजूची फळी आत दबतेय किंवा बाहेर येतेय ही तक्रार वेगळी, ती साच्याची पट्टी पुढेमागे करून मिटते. लोक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी फिरवतात आणि मग कशामुळे काय बदललं ते कळेनासं होतं. जमलं की त्या खोलीचा एक ठोकळा कापून जिगसोबत ठेवून द्या. पुढच्या वेळी बिट त्या ठोकळ्याला भिडवलं की झालं.

पेटीच्या कोपऱ्याचे चौकोनी दात, म्हणजे बॉक्स जॉइंट, यात खाचेची रुंदी बिटाची, तीही बदलणार नाही. दाताची रुंदी ठरते ती बिट आणि जिगमधली खुंटी यांच्यातल्या अंतराने. सांधा सैल असेल तर खुंटी बिटापासून दूर, घट्ट असेल तर जवळ. पुष्कळ लोक म्हणतात की दात वाढत जातील तशी चूक साठत जाते. दोन्ही फळ्या त्याच जिगवर कापल्या तर तसं होत नाही, कारण दोघींमध्ये ती सारखीच साठते आणि दात एकमेकांत बसतात. फक्त पेटीची एकूण रुंदी ठरवल्यापेक्षा जराशी वेगळी येते. चूक होते ती भुशामुळे: खुंटी आणि खाच यांच्यामध्ये भुसा अडकला की तो एक दात सरकतो आणि त्याच्या पुढचे सगळे त्याच्यामागे सरकतात. इथेही फुंकरच.

यंत्राच्या काही गोष्टी घाईत सांगतो. 6 मिलीमीटरच्या दांड्याचं बिट पाव इंची कोलेटमध्ये लावू नका. पाव इंच म्हणजे 6.35, धरल्यासारखं वाटतं पण चालू कामात ते घसरतं आणि खोली आपोआप बदलते. बिट पूर्ण आत ढकलून मग 2-3 मिलीमीटर वर ओढा आणि मगच आवळा. बुडाला टेकलेलं बिट आवळताना नीट धरलं जात नाही. राउटरचं बूड बिटाशी तंतोतंत केंद्रात असेलच असं नाही, त्यामुळे पट्टीला घासत नेताना राउटर हातात फिरवू नका. बुडाच्या कडेला रंगाचा एक ठिपका द्या आणि तोच ठिपका कायम पट्टीकडे ठेवा. बाक आलेल्या फळीवर खाच मारली तर तिची खोली मध्ये एक आणि कडेला एक येते. ते राउटर सुधारत नाही, आधी फळी सरळ करावी लागते. आज मॉर्टिस आणि पुढच्या महिन्यात कुसू असंही करू नका. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण आडव्या दिशेने हवेतल्या दमटपणासोबत फुगतं आणि आकसतं, आणि कुसवाची जाडी त्याच आडव्या दिशेत येते. बिट बदलताना वायर भिंतीतून काढलेली असावी, नुसतं बटण बंद असून भागत नाही. कानांना बंदोबस्त आणि नाकाला मास्क हवाच. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींमध्ये धरलं आहे. आमच्या वेळी कारखान्यात तोंडाला रुमाल बांधला की झालं असं समजत, ते आता समजू नये.

आता चौकटीतली चूक. तिथे छापलंय की राउटर हातात असो किंवा टेबलाला उलटा लावलेला असो, कायम डावीकडून उजवीकडे जायचं. हे हातातल्या राउटरला बरोबर आहे: फळीची आपल्याकडची कड कापत असाल तर राउटर डावीकडून उजवीकडे. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं आणि त्या दिशेने गेलं की ते आपल्या विरोधात कापतं, राउटर ताब्यात राहतो. टेबलाखाली राउटर उलटा झाला की फिरण्याची दिशाही आपल्याला उलटी दिसते, आणि आता राउटरऐवजी लाकूड सरकतं. तिथे लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं. टेबलावर डावीकडून उजवीकडे ढकललं तर बिट लाकूड हातातून हिसकावून फेकतं, आणि लाकडामागे हात असतो. मिनिटाला 20,000 च्या वर फेरे घेणाऱ्या बिटापाशी हे व्हायला नको.

सरळ पट्टीला धरून हातातल्या राउटरने खाच मारताना राउटर आपल्यापासून पुढे नेत असाल तर पट्टी डाव्या हाताला ठेवा. बिट राउटरला डावीकडे ओढतं, म्हणजे पट्टीवरच दाबतं. उजवीकडे पट्टी ठेवली तर राउटर तिच्यापासून सुटून जातो आणि खाच वाकडी होते. वर सांगितलेल्या दोन पट्ट्यांच्या मधून फिरताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलं की हे आपोआप साधतं. टेबलावर खोबण रुंद करायची झाली तर फेन्स बिटापासून दूर सरकवा, जवळ आणू नका. दूर सरकवली की बिट फेन्सच्या पलीकडची भिंत कापतं आणि कापणं विरोधातच राहतं. जवळ आणली की फेन्सकडची भिंत कापली जाते आणि लाकूड पुढे पळतं.

लेखकांबद्दल राग नाही. त्यांच्या लेखातलं खाच बाहेर पडते तिथे मागे रद्दी फळी लावण्याबद्दलचं वाक्य अगदी योग्य आहे, त्याने कडेची तुसं निघत नाहीत. त्यांनी पुढचा लेख टेबलासाठी जिग करण्यावर लिहायचं ठरवलंय असं शेवटी म्हटलंय. तो लिहिताना जिगचे आकडे देण्यापेक्षा जिग कशावर बसवून जुळवायची ते लिहावं, वाचकांना जास्त उपयोगी पडेल.

पत्र लांबलंय, याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर प्लाय, कुसू, डव्हटेल सगळं कापा. पण टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं, ही दुरुस्ती येत्या रविवारच्या आधी, रोजच्या अंकात, ठळक छापा. त्या चौकटीचं कात्रण काढून कुणीतरी राउटरच्या टेबलाशेजारी चिकटवलेलं असणार.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पॅटर्नमेकर